पीएच्.डी. झाले, पुढे काय झाले?

शिवाजी नगरात राहणाऱ्या आम्हां भोपाळकरांना १९८४ ची वायुदुर्घटना सांगावी लागत नाही. तिच्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या एका चिकाटीच्या कामाची मात्र फारशी चर्चा होत नाही. वायूची झळ लागलेल्या ८० हजारांवर माणसांची नोंद करून १९८५ पासून १९९४ पर्यंत त्यांच्या प्रकृतीचा माग ठेवण्यात आला. काही जण शहर सोडून गेले, समूह रोडावत गेला. जे सापडले तेवढ्यांवरूनच निष्कर्ष काढला तर तो एकांगी होण्याचे भय असते, हे या शास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

पण हीच दक्षता संशोधक आपल्या शिष्यांविषयी क्वचितच घेतात! जीववैद्यक विषयात पीएच्.डी. करणाऱ्याची पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत जातात. पुढे ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून मुदतीच्या नेमणुका. तिशी केव्हाच उलटलेली असते. त्यांतले किती प्राध्यापक झाले, किती औषध कंपन्यांत गेले, कितींनी विज्ञानच सोडले? आपल्या राष्ट्रीय क्रमवारीत दिलेल्या पीएच्.डी. पदव्या मोजल्या जातात. पदवी घेऊन बाहेर पडलेला माणूस मोजला जात नाही. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात निदान ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना तरी असतो.

श्रोतेहो, हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या समितीने २०१२ साली अहवाल दिला, तेव्हा त्या देशात पीएच्.डी.नंतरचे जीववैद्यक संशोधक किती, याचा अंदाज ३७ हजारांपासून ६८ हजारांपर्यंत होता. पुढे २०१७ मध्ये तेथील नऊ विद्यापीठे आणि एक कर्करोग संशोधन केंद्र यांनी एकत्र येऊन आपल्या माजी विद्यार्थ्यांची वाटचाल प्रसिद्ध करण्याचे ठरविले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. पत्रांना उत्तरे बहुधा स्थिरस्थावर झालेलेच देतात. म्हणून संपूर्ण तुकडीचा शोध घ्यावा लागतो, आणि तोही पाच, दहा वर्षांनी पुन्हा. ‘खाजगी नोकरी’ एवढ्या नोंदीनेही भागत नाही. औषध कंपनीत प्रयोग करणारा आणि तिथेच परवान्यांचे कागद तपासणारा, या दोघांची कामे निराळी. तात्पुरत्या नेमणुकीवरच्या संशोधकाला ‘नोकरीस लागला’ म्हणून मोजणे तर सरळसरळ दिशाभूल आहे.

कमल रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. घेतली, जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधन केले आणि परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात नाव मिळविले. मुलींपुढे आपण त्यांचे उदाहरण ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण यशस्वी झालेल्यांची चरित्रे लिहिली जातात. वाटेत थांबलेल्यांची लिहिली जात नाहीत.

भोपाळात २००८ मध्ये विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था निघाली, २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. अशा ठिकाणी प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने मार्गदर्शकाला नम्रपणे विचारावे : “सर, आपले मागचे दहा विद्यार्थी आज कोठे आहेत?” आणि मधेच सोडून गेलेल्यांना त्या दहांत धरले आहे की नाही, तेही विचारावे.