समोर नसलेल्या मुलासाठी धडा

(व्याख्यानाचे शब्दांकन)

‘शिक्षकांनी व्हिडिओ धडे कसे बनवावेत’ हा विषय मला दिलाय. मी यातली तज्ज्ञ नाही. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराकडच्या एका छोट्या शाळेत मी शिकवते. चुकत चुकत जे हाती लागलं, तेच सांगते.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड होतेच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी ती वाट आधीच दाखवली होती, आणि त्याच वर्षी त्यांना ग्लोबल टीचर प्राइजही मिळालं. पण एकाला टीव्ही लागतो, दुसऱ्याला नेटवर्क. आमच्या टोल्यांवर दोन्हींची वानवा. म्हणून मी ठरवलं, धडा फोनवर चित्रित करायचा आणि मेमरी कार्डात भरून द्यायचा. एटापल्लीच्या बाजारात लोक कार्डात गाणी भरून घेतात ना, तसंच.

तुम्ही म्हणाल, आता तर शाळा सुरू आहेत. बरोबर. पण मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की मुलं पहाटेच आईसोबत रानात जातात. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडची मुलं पलीकडेच. ती कामचुकार नसतात हो, पण धडा मात्र चुकतो.

आधी आवाज

माझा पहिला व्हिडिओ मी फळ्यापासून दहा फुटांवर फोन ठेवून काढला. फळा छान दिसत होता, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. असं का होतं? फोनपासूनचं अंतर दुप्पट केलं की तुमच्या तोंडून थेट पोचणारा आवाज चौथाईवर येतो. टिनाच्या छपराखालचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे लांब गेलात की शब्द बुडतो आणि घुमारा वर येतो. उपाय सोपा आहे. फोन हातभर अंतरावर घ्या, मागच्या भिंतीवर गोधडी टांगा, पंखा बंद करा. आमच्याकडे खनिजाचे ट्रक जातात, त्यामुळे मी सकाळी लवकर बसते. चित्र थोडं अंधूक असलं तर मूल चालवून घेतं, पण शब्दच कळला नाही तर पुढचं सगळं वाया जातं.

उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे आली की तुम्ही काळी सावली दिसता. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. जून २०२०मध्ये पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेनं कपड्यांच्या हँगरला फोन अडकवून शिकवलं होतं, तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मी पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर दोन पट्ट्या आडव्या ठेवते आणि त्यांवर फोन पालथा. खाली वही आणि माझे हात.

फाइल पोचली पाहिजे

फुल एचडीत माझा फोन मिनिटाला शंभर एमबीच्या वर खातो. सहा मिनिटांचा धडा सहाशे एमबी झाला, तर तो कोण घेणार? आता हिशेब बघा. सेकंदाला एक मेगाबिट एवढा दर ठेवला, तर मिनिटाला ६० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून साडेसात एमबी. सहा मिनिटांचे ४५. आठ जीबीच्या कार्डात असे दीडशेहून जास्त धडे मावतात. वही आणि हात दाखवायला ४८०पी पुरतं. फक्त अक्षर मोठं काढा.

आता लांबी. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण प्रेक्षक जास्तीत जास्त सहा मिनिटं टिकतो, असं त्यात दिसलं. वर्गाचं भाषण जसंच्या तसं टिपण्यापेक्षा लिहीत लिहीत समजावलेलं लोक जास्त पाहतात, हेही दिसलं. म्हणजे पस्तीस मिनिटांचा तास कॅमेऱ्यासमोर घेऊन उपयोग नाही. एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगायची.

‘हातचा’ कुठे गेला?

इथपर्यंतचं सगळं मी महिनाभरात शिकले. खरा धडा पुढेच होता.

बेरजेचा व्हिडिओ केला होता. २७ अधिक १५. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. वर्षानुवर्षं मी हेच म्हणत आले. वर्गात “समजलं का?” विचारलं की “हो बाई” येतं. एक दिवस तिसरीतल्या एका मुलीच्या घरी गेले होते. ती ओसरीत बसून तोच व्हिडिओ पाहत होती. ‘हातचा एक’ आलं की थांबवायची, मागे न्यायची, परत लावायची. तीनदा केलं. मी विचारलं, काय पाहतेस? बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, “बाई, हातात तर काहीच नाही.”

ती माझ्या हातातला ‘एक’ शोधत होती!

बघा, ही मुलं घरी माडिया बोलतात. माडिया गोंडीच्या घरातली, म्हणजे द्राविडी कुळातली. नातं तेलुगूशी जास्त, मराठीशी कमी. ‘हातचा’ हा शब्द आपल्याला आजीपासून येतो, तिला फक्त ‘हात’ ऐकू आला. मला वर्गात हे कधीच कळलं नसतं, कारण वर्गात मूल बाईंना मागे नेऊ शकत नाही. सलमान खान, म्हणजे खान अकॅडमीवाले, त्यांनी २००४मध्ये लांब राहणाऱ्या, नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवायला घेतलं, २००६मध्ये व्हिडिओ टाकायला लागले. भावंडं म्हणाली, तुझ्यापेक्षा तुझा व्हिडिओ बरा. व्हिडिओला शंभरदा मागे नेलं तरी लाज वाटत नाही.

मी तो धडा पुसला आणि नव्यानं केला. तेंदूच्या हंगामात सत्तर पानं झाली की पुडा बांधायचा, हे या मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग दहा काड्या झाल्या की गठ्ठा बांधायचा. सात काड्या, पाच काड्या, झाल्या बारा. दहांचा बांधला गठ्ठा, तो गेला शेजारच्या दोन आणि एक गठ्ठ्यांकडे. चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. बेचाळीस. ‘हातचा’ हा शब्द शेवटी आला, गठ्ठा हातात धरून.

मध्ये मी म्हणते, “आता थांबव, तू बांध.” आणि दहा सेकंद गप्प बसते. कॅमेऱ्यासमोर दहा सेकंद गप्प राहणं फार जड जातं, पण ती जागा मुलाची आहे.

आणखी एक. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये पडद्यावरचं चित्र तेच ठेवून वेगवेगळ्या भाषांतला आवाज जोडतात. मी तेच उचललं. व्हिडिओत फक्त हात असल्यामुळे ओठ जुळवायची भानगड नाही. सातवीतल्या एका मुलानं माडियात आवाज दिला. त्यानं माझी वाक्यं भाषांतरित केली नाहीत. हात काय करताहेत, ते त्याच्या भाषेत सांगत गेला. माझ्यापेक्षा दोन मिनिटं कमी लागली त्याला.

तेव्हा व्हिडिओ तयार झाला की लगेच गटावर टाकू नका. आधी एका मुलाशेजारी बसा, फोन त्याच्या हातात द्या आणि तो कुठे थांबवतो ते पाहा. तिथलाच भाग परत करायचा असतो.

थांबते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.