यकृतका व फुलझाड : तुलना

यकृतका या शेवाळी विभागातील लहान, बीजहीन वनस्पती होत. काही जातींचे सपाट, खंडित शरीर यकृतासारखे दिसते, म्हणून हे नाव पडले आहे. ओलसर जमिनीवर व खडकांवर वाढणारी मार्कॅन्शिया आणि शेतातील मोहरी यांत वरवर पाहता साम्य नाही. परंतु दोहोंच्या जीवनचक्रात गंतुके (लैंगिक पेशी) निर्मिणारी गंतुकधारी पिढी व बीजुके निर्मिणारी बीजुकधारी पिढी एकाआड एक येतात. शेवाळी, नेचे व शंकुमंत वनस्पती यांच्या जीवनचक्रांतील हे मूलभूत साम्य जर्मन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये दाखवून दिले.

भेद आहे तो कोणती पिढी प्रधान, यात. मार्कॅन्शिया पॉलिमॉर्फा या जातीचे हिरवे शरीर (कायक) गंतुकधारी असून त्याच्या पेशींत ९ गुणसूत्रे असतात. १८ गुणसूत्रांचा बीजुकधारी लहान, अल्पायुषी व पोषणासाठी कायकावर अवलंबून असतो. याउलट, मुळे, खोड, पाने व फुले असलेले मोहरीचे (ब्रॅसिका जुन्सिया) झाड हे ३६ गुणसूत्रांचे बीजुकधारी होय. तिची गंतुकधारी पिढी ३ पेशींचा परागकण व ७ पेशींचा गर्भकोश एवढीच उरली असून ती फुलाच्या आश्रयाने जगते.

या बदलाचे महत्त्व पाण्याच्या संदर्भात कळते. मार्कॅन्शियाची रेतुके (पुं-गंतुके) दोन कशाभिकांच्या (चाबकासारख्या सूक्ष्म तंतूंच्या) साहाय्याने पोहत अंदुकाकडे (स्त्री-गंतुकाकडे) जातात; पाणी नसल्यास फलन होत नाही. मोहरीत परागनलिका पुं-गंतुकांना थेट गर्भकोशात पोहोचविते. त्यांना पोहावे लागत नाही. मोहरीची मुळे जमिनीतील पाणी शोषतात, वाहक ऊतके (समान कार्याच्या पेशींचे समूह) ते पानांपर्यंत नेतात व त्वग्रंध्रांच्या रक्षक पेशी बाष्पोच्छ्वासाचे नियमन करतात. मार्कॅन्शियात मुळांऐवजी एकपेशीय तंतू असतात. मोहरीसारखी वाहक ऊतके नसतात आणि कायकावरील वायुछिद्रांना रक्षक पेशी नसतात. त्यामुळे तिचे शरीर भूपृष्ठालगतच राहते.

तथापि यकृतका ही फुलझाडांची पूर्वज नव्हे. दोन्ही परंपरा एका सामाईक पूर्वजापासून निघाल्या असून गर्भाचे मातृशरीरात होणारे पोषण हा त्यांचा समान वारसा आहे. मार्कॅन्शियाचा जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फुलझाडांत अनेक प्रतींत आढळणारी बरीच नियंत्रक जनुके तिच्यात एकेका प्रतीतच असल्याचे त्यावरून दिसून आले. त्यामुळे फुलझाडांतील जनुकांचे कार्य उलगडण्यासही ही साधी वनस्पती उपयोगी ठरते.