जुन्या जीपची गळकी टाकी

मागच्या वेळी आपण स्कूटीच्या ब्रेकबद्दल बोललो. त्यानंतर एका गटाकडून प्रश्न आला. त्यांच्यातल्या एकीच्या घरी सासऱ्यांच्या काळातली पेट्रोलवरची जीप आहे. अजून चालते, बाजाराच्या दिवशी भाजीचे क्रेट नेते, लग्नसराईत नवरदेवही मिरवते. तिची टाकी ठिबकायला लागली आहे. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, “टाकी रिकामी करून आणा, पाच मिनिटांत टाका मारून देतो.” गट विचारतो, द्यावी का?

नाही. अजिबात देऊ नका. नवी टाकी बसवा. ती कशी बसवायची ते आज सांगतो, पण आधी ‘नाही’ का, ते समजून घेऊ.

आपल्याला वाटतं, टाकी रिकामी केली म्हणजे भीती संपली. खरं तर भीती तिथून वाढते. पेट्रोल पातळ असतं तेव्हा जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. शंभर भाग हवेत साधारण दीड ते साडेसात भाग वाफ असली की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. टाकी रिकामी केली की आत हवा शिरते आणि स्फोटाचा मसाला तयार होतो. या जीपच्या टाकीत साधारण ४० लिटर पेट्रोल मावतं. तेवढ्या जागेत स्फोट व्हायला किती पेट्रोल मागे राहावं लागतं? चहाचा एक चमचा. तेवढं तर सांध्यात आणि गंजाच्या पापुद्र्यात अडकून राहतंच. उन्हात वाळवली, पाण्याने विसळली तरी राहतं. काही ठिकाणी टाकीत सायलेन्सरचा धूर भरून वेल्डिंग करतात. शंभरदा निभावतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

हेच आपल्या घरातल्या पिंपांनाही लागू आहे. ऑइलचं, डिझेलचं, थिनरचं पीप भंगारातून आणायचं आणि गॅस कटरने कापून पाण्याची टाकी किंवा चूल करून घ्यायची, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. डिझेल थंड असताना फारशी वाफ सोडत नाही, पण कटरची आच लागली की सोडतं. पीप हवं असेल तर तोंड आधीच कापलेलं घ्या. बंद पीप घेऊन कापायला नेऊ नका, आणि कुणी कापत असेल तर लेकरांना तिथे उभं राहू देऊ नका.

आता जीपकडे येऊ. विलीज घराण्याच्या या गाड्या १९४७ नंतर मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या आणि महिंद्राने पुढे कितीतरी वर्षं बनवल्या. त्यांची टाकी चालकाच्या सीटखाली असते. म्हणजे आपण तिच्यावरच बसतो! म्हणून ‘थोडंच तर ठिबकतंय’ म्हणून चालवू नये.

टाकी गळते का? तर बहुतेक वेळा ती आतून गंजते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर धरतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं आणि खालच्या कोपऱ्यांना खातं. २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे मिळतं. ते इथेनॉल आपल्याच कारखान्यांत मळीपासून आणि उसाच्या रसापासूनही बनतं, त्याचं कौतुकच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या त्याने लवकर खराब होतात. उभीच राहणाऱ्या गाडीला हे जास्त बाधतं. गंजलेल्या पत्र्याला एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, म्हणूनही वेल्डिंगचा उपयोग नाही.

मात्र टाकी बदलण्याआधी गळती कुठून आहे ते नक्की करा. टाकीचा तळ पुसून कोरडा करा, त्यावर खडूची पूड लावा आणि थोडा वेळ थांबा. ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे दोष. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर भरण्याच्या तोंडाची रबरी नळी किंवा वरचं गॅस्केट गेलेलं असतं. ते काम थोडक्या पैशात होतं. तळाच्या सांध्यातून ठिबकत असेल तर टाकीच बदलायची. गॅरेजपर्यंत पोचायचं असेल तर भोकावर कपड्याच्या साबणाची वडी घासून दाबतात. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून तो धरतो. पण तो तेवढ्यापुरताच.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात आणि गटारात साचते आणि दूरच्या चुलीपर्यंतही पोचते. म्हणून गोठा नको, पडवी नको, खड्डा तर नकोच. चूल, विडी, उदबत्ती सगळं दूर. वाळूची बादली आणि पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पुढे जातं.

आता आपल्या अंगावरचं. नायलॉनची साडी, सिंथेटिक ओढणी नको. तिच्या घासण्यानेही ठिणगी उडते आणि पेटली तर ती अंगाला चिकटते. सुती कपडे घाला, पदर खोचा. धातूच्या बांगड्या, पाटल्या आणि लोंबतं मंगळसूत्र कामापुरतं काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांना बांगडी टेकली तर ती क्षणात लाल होते. यात अशुभ काही नाही, भाजलेला हात मात्र खरा असतो.

बॅटरीची वजा बाजूची तार आधी काढायची. अधिकची आधी काढायला गेलं आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर तिथेच ठिणगी. मग तळाच्या बोल्टातून पेट्रोल धातूच्या डब्यात काढा. डबा जमिनीवर ठेवलेला हवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या नकोत. नळी तोंडाने ओढू नका, पेट्रोलचा एक घोट छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. हातपंप मिळतो, तो वापरा.

नंतर सीट काढून टाकीची काट्याची वायर, इंजिनकडची नळी आणि भरण्याच्या तोंडाची नळी सोडवा. वायर-नळ्यांचे फोटो मोबाइलवर आधीच काढून ठेवा, पेट्रोल काढण्यापूर्वी. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशी तेल सोडलं तर ते सुटतात, नाहीतर तुटतात.

या गाड्यांच्या टाक्या आजही नव्या मिळतात. मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत काश्मिरी गेटला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, आणि हरयाणातलं डबवाली तर जीपसाठीच नावाजलेलं आहे. मागवताना मॉडेल सांगाच, शिवाय जुन्या टाकीचं माप, भरण्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे आणि काट्याच्या फ्लोटला किती भोकं आहेत, हेही कळवा. जुनी वापरलेली टाकी स्वस्त मिळते, पण तीही तितकीच वर्षं गंजलेली असते.

नवी टाकी आली की आधी तपासा. पाणी भरून नव्हे, आत ओलावा राहतो. सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हळू हवा भरा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर परत करा. कंप्रेसर लावू नका, पत्रा फुगून सांधा उसवतो.

जुन्या गाडीत टाकीखाली नमद्याची पट्टी असते. ती पाणी धरून ठेवते आणि पत्रा बाहेरूनही कुजवते. तिच्या जागी रबराची पट्टी घाला. पण रबरामुळे टाकीचा गाडीच्या पत्र्याशी संबंध तुटतो, मग काटा हलत नाही आणि मंडळी नवा काटा आणायला धावतात. टाकीपासून बॉडीपर्यंत एक अर्थिंगची वायर जोडली की झालं. नळ्या पेट्रोलसाठीच्याच घ्या, पाण्याची नळी फुगते. गॅस्केट आणि फिल्टर नवे घाला. झाकणाचं बारीक भोक मोकळं आहे ना बघा. ते बुजलं तर पेट्रोल पुढे येत नाही आणि गाडी चढावर बंद पडते.

पहिल्यांदा पाचच लिटर पेट्रोल घाला, अर्धा तास थांबा, खडूची पूड लावून पाहा. कोरडं असेल तर बॅटरी जोडा, यावेळी अधिक आधी आणि वजा शेवटी.

राहिली जुनी टाकी. झाकण लावून ती घरात किंवा परसात ठेवू नका. तोंड उघडं ठेवून मोकळ्या जागी ठेवा, आणि भंगारवाल्याला देताना ती पेट्रोलची आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो लगेच कटर लावणार नाही. काढलेलं गढूळ पेट्रोल विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. ते जुन्या ऑइलच्या पिंपातही मिसळू नका, वेगळ्या बंद धातूच्या डब्यात गॅरेजवाल्याकडे द्या.