जन्मसिद्ध ज्ञानाची नवी पोथी

शिक्षकांच्या बैठकीत एक वाक्य मी गेली काही वर्षे सतत ऐकतो आहे. "हल्लीच्या पोरांना मोबाईल काय शिकवायचा? ती तो हातात घेऊनच जन्माला आली आहेत." वाक्य कौतुकाचे आहे. परंतु ते खरे नाही, आणि आपल्या मुलामुलींच्या बाबतीत तर ते घातक आहे. असे का, हे येथे मांडावयाचे आहे.

या वाक्यामागे एक सिद्धान्त उभा आहे. मार्क प्रेन्स्की या अमेरिकन लेखकाने २००१ साली एका लेखात 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्द रूढ केला. संगणक, व्हिडिओ गेम आणि इंटरनेट यांच्या सहवासात वाढलेली मुले ही या नव्या मुलखाची मूळ रहिवासी. त्यांचे शिक्षक मात्र बाहेरून आलेले. परक्या मुलखात गेलेल्याच्या बोलण्यात जसा गावचा हेल राहतो, तसा तो शिक्षकांच्या वागण्यात राहतो. आलेला ई-मेल कागदावर छापून घेणे हा तसलाच हेल. मुले वेगाने आणि एकाच वेळी अनेक गोष्टी करीत शिकतात, तेव्हा पायरीपायरीने शिकविणे कमी करा, असे त्याचे शिक्षकांना सांगणे होते.

हा सिद्धान्त जगभर पसरला. पुरावा मात्र मागून शोधला गेला, आणि तो सापडला नाही. २००८ साली बेनेट, मेटन आणि केर्विन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उपलब्ध अभ्यास तपासून दाखविले की, एका वयाच्या सगळ्या मुलांना सारखेच कौशल्य असते, याला आधार नाही. २०१७ साली किर्शनर आणि दे ब्रुइकेरे यांनी तर अशी पिढी ही दंतकथाच आहे, असे लिहिले. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास एस्टर हार्गिटाई यांचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुण होते; वय जवळजवळ सारखे. तरीही ज्यांचे आईवडील कमी शिकलेले, त्यांचे इंटरनेटचे ज्ञान कमी आढळले. स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक विद्यार्थी यांच्याबाबतही तेच दिसले. म्हणजे कौशल्य जन्मसालातून येत नाही. ते घरातून, सवडीतून, साधनांतून आणि शिकविणाऱ्यातून येते.

आपल्याकडची स्थिती पाहा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम ४ टक्के घरांत संगणक होता. शहरांत सुमारे २३ टक्के. पुढे मोबाईल वाढले. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरता येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली फक्त १९.८ टक्के. शिवाय याच वयाच्या सुमारे चौथाई मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सरळ वाचता येत नव्हता. ज्याला मजकूर वाचता येत नाही, त्याला पडद्यावरची सूचना तरी कशी वाचता येईल?

आता माझीच चूक सांगतो. माझ्या वर्गात प्रथम वर्षाला एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. घरात कॉलेजची पायरी चढलेली तीच पहिली. मोबाईलवर तिची बोटे माझ्यापेक्षा चपळ चालत. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. तिला येत असेलच, असे मी गृहीत धरले. तिला जातीच्या दाखल्याच्या फोटोचा आकार कमी करता येत नव्हता. म्हणून तिने तालुक्याच्या एका दुकानात पैसे देऊन अर्ज भरून घेतला. पासवर्ड दुकानदाराने ठेवला आणि मोबाईल नंबरही त्याचाच टाकला. अर्जात त्रुटी निघाली तेव्हा तिचा संदेश त्याच्या फोनवर गेला. तिला कळले तेव्हा मुदत संपलेली होती. मी विचारले, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सर, सगळ्यांना येतं म्हणतात. मलाच येत नाही, हे कसं सांगू?"

या एका उत्तरात सिद्धान्ताचा सगळा परिणाम आहे. 'तुम्हाला हे जन्मतःच येते' असे म्हटले की शिक्षक शिकविण्यातून मोकळा होतो. आणि ज्याला येत नाही, तो स्वतःलाच दोषी मानतो. गुण जन्माने ठरतात, हे शास्त्र आपल्याला नवीन नाही. पूर्वी ते वर्णाच्या नावाने सांगितले गेले, आता ते पिढीच्या नावाने सांगितले जाते. दोन्हींचा हेतू एक आहे असे मी म्हणत नाही. पण ज्ञान शिकवावे लागते, हे दोन्ही ठिकाणी झाकले जाते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले तेव्हा वरच्या वर्गांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवरच घाव घातला होता. विद्या झिरपत नाही. संगणकाची विद्याही झिरपत नाही.

मग करावे काय? मी आता वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला चार गोष्टी हाताने करावयास लावतो. स्वतःच्या नंबरावर खाते उघडणे व पासवर्ड स्वतःजवळ ठेवणे. कागदपत्राचा फोटो योग्य आकारात जोडणे. अर्जाची स्थिती स्वतः तपासणे. आणि आलेला मजकूर खरा की खोटा, हे मूळ जागी जाऊन पडताळणे. एका संगणकाभोवती पाच जण बसले की एक मुलगा बटणे दाबतो आणि मुली बघत राहतात. म्हणून पाळी लावतो, आणि पहिली पाळी ज्याला येत नाही त्याची. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वसतिगृहाची खोली, वाचनालय, विहारातील संध्याकाळ पुरते. कार्यकर्त्यांनी सभेचा संदेश पाठविण्यापलीकडे जाऊन ही जबाबदारी घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

त्या मुलीने दुसऱ्या वर्षी आपला अर्ज स्वतः भरला. नंतर वर्गातल्या सात जणींचे अर्ज तिने शेजारी बसून भरून घेतले. बटण मात्र ज्याचे त्यानेच दाबायचे, हा तिचा नियम होता. मी तो तिच्याकडून शिकलो.