गाडीची कांती आणि कामाची किंमत

विंचूरला कांद्याच्या हंगामात सकाळी आलात तर लासलगाव बाजार समितीच्या उपबाजाराबाहेर वाहनांची रांगच रांग दिसेल. ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती, मधेच एखादी जुनी चारचाकी. सगळ्यांच्या अंगावर काळ्या मातीचा थर आणि कांद्याचे पापुद्रे. त्या बाजारात हमाली करणारे आमच्या वस्तीतले एक गृहस्थ गेल्या मे महिन्यात संध्याकाळी माझ्या घरी आले. चेहरा उतरलेला.

म्हणाले, “भाऊसाहेब, तुम्हीच पोराला समजवा. बारावी झाला, आयटीआय केलं, नाशकात दोन वर्षं गाड्यांच्या दुकानात राहिला. आता म्हणतो, विंचूरला फाट्यावर डिटेलिंगचं दुकान टाकतो. म्हणजे काय तर लोकांच्या गाड्या धुणार! माझा आजा येसकरकी करून मेला. बापानं ती सोडली. अन् आता पोरगं पुन्हा फडकं हातात घेतंय!”

मला चटकन उत्तर देता आले नाही. मी म्हटले, “आधी काम काय आहे ते बघतो, मग बोलतो.” मुलाने सांगितले, “काका, तुमचीच व्हॅन घेऊन या.”

माझी व्हॅन जुनी, दुसऱ्या हाताची, कर्जाचे हप्ते भरून घेतलेली. तिच्यावर माझे प्रेम फार, पण ज्ञान शून्य. दर रविवारी मी ती कपडे धुण्याची पावडर आणि काथ्या घेऊन घासत असे. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकत असे. मुलाने बॉनेटवर टॉर्च धरला तेव्हा दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. तो हळूच म्हणाला, “काका, ह्या रेघा तुम्हीच मारल्यात.” मी खजील झालो. मात्र त्या दिवशी जे शिकलो ते आपल्या कुटुंबांना सांगण्याजोगे आहे.

रंग म्हणजे काय?

नाशिकला सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यात बोलेरो, स्कॉर्पिओ तयार होतात, हे आपल्याला माहीत आहे. कोणत्याही मोठ्या कारखान्यात पत्र्यावर रंग एकदाच फासत नाहीत. आधी पत्रा रसायनाने स्वच्छ करतात. मग गंज रोखणारा थर विजेच्या साहाय्याने बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. क्लिअर कोट त्यातला 40-50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक ह्याच पापुद्र्याची, आणि ऊन-पावसाचा पहिला मारा झेलणाराही तोच.

धुळीत वाळूचे कण असतात आणि ते रंगाहून कितीतरी कठीण असतात. कोरडे फडके फिरवले की ते कण रंगावर ओरखडे काढतात. कपड्यांच्या पावडरीने गाडीवरचे मेण निघून जाते. म्हणजे दर रविवारी मी गाडीचे कवच काढत होतो, आणि रोज सकाळी तिला ओरबाडत होतो.

धुण्याची रीत

गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आधी चाके आणि मडगार्ड धुवावेत. त्यांचे फडके आणि पाणी वेगळे. मग नुसत्या पाण्याने माती भिजवून वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली यावे आणि प्रत्येक वेळी तो साध्या पाण्यात खंगाळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा. शेवटी स्वच्छ पाणी मारून मायक्रोफायबरच्या फडक्याने लगेच टिपावे. बोअरच्या पाण्यात क्षार असले आणि ते उन्हात सुकले तर पांढरे डाग बसतात. पक्ष्याची विष्ठा नखाने खरवडू नये. ओले फडके पाच मिनिटे ठेवून अलगद उचलावी. नदीत किंवा पाटात गाडी घालू नये, कारण ते पाणी पुढे कोणीतरी पिणार असते.

ज्यांची पिकअप भाड्याने चालते त्यांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या निफाड तालुक्यात द्राक्षाच्या फवारणीसाठी गंधक, मोरचूद आणि चुना यांची वाहतूक होते, खतांच्या गोण्या जातात. खताचे मीठ ओलाव्याबरोबर पत्र्याच्या सांध्यात शिरले की गंज आतून सुरू होतो. अशी खेप झाली की त्याच दिवशी हौदा आणि चासीची खालची बाजू पाण्याने धुवावी. खालून जळके ऑइल मारण्याची जुनी पद्धत सोडावी. त्याने रबरी भाग फुगतात, माती अधिक चिकटते.

पॉलिश, मेण आणि कोटिंग

धुतल्यावरही हाताला खरखर लागली तर क्ले नावाची मऊ माती ओलसर पृष्ठभागावर फिरवून चिकटलेली घाण काढतात. रेघा घालवायच्या तर पॉलिश. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून सपाट करणे. दर दिवाळीला रबिंग करून घेणारा मनुष्य केसाहून पातळ थर दरवर्षी आणखी पातळ करत असतो. जुन्या साध्या रंगावर क्लिअर कोट नसतोही. लपलेल्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासून पाहावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट नाही असे समजावे.

त्यानंतर संरक्षण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण फार पूर्वीपासून वापरात आहे. आपल्या उन्हात ते काही आठवडे टिकते. हल्ली सिरॅमिक कोटिंगची जाहिरात सगळीकडे दिसते. ते अधिक काळ टिकते, पाणी आणि घाण लवकर निसटते, हे खरे. परंतु “ओरखडा कधीच पडणार नाही, पुन्हा धुवावी लागणार नाही” असे कोणी म्हटले तर ते खोटे. दगड लागला तर टवका उडणारच. पोटासाठी चालणाऱ्या गाडीला नीट धुणे आणि तीन-चार महिन्यांनी मेण एवढे पुरे आहे. त्यासाठी कर्ज काढू नये.

एक गोष्ट आपल्या घरची. 13 ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जाताना आपण बॉनेटवर, काचेवर अभिमानाने ‘जय भीम’ची अक्षरे लावतो. ती जुनी झाली की ब्लेडने खरवडू नयेत. केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा कोमट पाण्याच्या फडक्याने डिंक मऊ करून कडेपासून सोलावीत.

कारागिराचा जीव

ह्या धंद्यात चमक गाडीला येते, पण रसायन कारागिराच्या अंगावर उडते. चाके झटपट पांढरी करणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरते आणि वेदना कधी कधी उशिरा जाणवतात. रंग फवारताना वापरल्या जाणाऱ्या हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही. म्हणून हातमोजे, चष्मा, योग्य मुखवटा ह्यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

हिशेब

मी पडलो कारकून. मुलाला वही घ्यायला लावली. समजा, पाण्याच्या दाबाचे मशीन 18,000 रुपयांचे घेतले आणि ते 3 वर्षे चालले, तर त्याची झीज महिन्याला 500 रुपये. ह्यालाच घसारा म्हणतात. त्यात वीज, पाणी, शाम्पू, फडकी, जागेचे भाडे आणि स्वतःची मजुरी मिळवावी. मग दर ठरवावा. स्वतःची मजुरी न धरणारा माणूस फुकट राबतो आणि त्याला नफा समजतो. भांडवलासाठी 2015 पासून मुद्रा कर्ज योजना आहे. त्यात तारण मागत नाहीत. दारावर दरपत्रक लावावे, प्रत्येकाला पावती द्यावी, मग तो गावचा पाटील असो की आपला मेहुणा!

महिन्याभराने माझी व्हॅन घेऊन मी त्या गृहस्थांच्या दारात गेलो. ते तिच्याकडे पाहतच राहिले.

मी म्हटले, “दादा, तुमच्या आजोबांना काम नाकारता येत नव्हतं. दर ठरवता येत नव्हता. भाकरीचा तुकडा पडेल तो घ्यायचा. ह्याच वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं आणि 1958 च्या कायद्यानं ती वतनं गेली. तुमचा मुलगा हे काम शिकून करतोय. नको असलेल्या गिऱ्हाइकाला तो नाही म्हणू शकतो. उद्या हा धंदा सोडून दुसरा करू शकतो. आजोबांच्या हातात यातलं काय होतं?”

ते काही बोलले नाहीत. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले. मग म्हणाले, “दुकानाच्या पाटीवर नाव काय टाकायचं म्हणतोय तो?”

मुलगा म्हणाला, “तुमचंच, आबा.”

दुकान आता सुरू आहे. परवा मी पाहिले, आबा बाजारातून सुटल्यावर तिथे खुर्चीवर बसले होते. एक गिऱ्हाईक खिशातल्या रुमालाने बॉनेटवरची धूळ झटकू लागले, तसे ते ओरडले, “ओ दादा, कोरडं फडकं नका लावू! रेघा पडतात.”