वाघाच्या गुहेत शिरलेला पुढारी

पक्ष बदलणारा पुढारी म्हटला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. ‘आयाराम-गयाराम’ म्हणून आपण त्याला मोडीत काढतो आणि चहाचा घोट घेतो. पण दक्षिण कोरियाच्या किम यंग-साम यांच्या बाबतीत हा निकाल इतक्या झटपट देता येत नाही. या गृहस्थांनी सत्ताधारी पक्ष एकदा सोडला आणि छत्तीस वर्षांनी, बासष्टाव्या वर्षी, ते सत्ताधाऱ्यांनाच जाऊन मिळाले!

गोजे बेटावर जन्मलेले किम १९५४ साली संसदेत निवडून आले. वय जेमतेम सव्वीस, पक्ष राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा. त्याच वर्षी ऱ्हीसाहेबांनी आपल्याला हव्या तितक्या वेळा निवडणूक लढवता यावी, म्हणून घटनादुरुस्ती मांडली. सभासद २०३. त्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे १३५ आणि वर एक-तृतीयांश माणूस! मते पडली बरोबर १३५. दुरुस्ती फेटाळली गेल्याचे जाहीर झाले. पण दोनच दिवसांनी सरकार पक्षाने शाळेतल्या गणिताचा आधार घेतला. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यायचा असतो, तेव्हा १३५ पुरेत, दुरुस्ती मंजूर! हे गणित किम यांना पटले नाही. त्यांनी पक्ष सोडला आणि विरोधकांची वाट धरली.

ती वाट काट्यांची होती. १९६१ मध्ये सेनापती पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. १९६९ साली पार्क यांच्या तिसऱ्या कारकिर्दीसाठी पुन्हा घटनादुरुस्ती आली. किम यांनी विरोध करताच त्यांच्या मोटारीवर आम्ल फेकण्यात आले. १९७९ च्या ऑक्टोबरात तर त्यांची खासदारकीच काढून घेतली. त्यावर ते म्हणाले, “कोंबड्याची मान मुरगळली तरी पहाट व्हायची राहत नाही.” आपल्या घरोघरची म्हणच जणू कोरियात उगवली! पुढे चुन दू-ह्वान या दुसऱ्या सेनापतीने त्यांना नजरकैदेत टाकले, तेव्हा १९८३ मध्ये त्यांनी तेवीस दिवस उपोषण केले.

१९८७ साली जनतेच्या रेट्यामुळे थेट निवडणूक आली. पण लोकशाहीवाल्यांत दोन किम होते, यंग-साम आणि दे-जंग. दोघांनाही नवरदेव व्हायचे होते. एकाला २८ टक्के मते, दुसऱ्याला २७; आणि चुन यांचे सोबती रो ते-वू ३६.६ टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी संसदेच्या २९९ जागांपैकी यंग-साम यांच्या पक्षाला ५९ मिळाल्या. पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला.

आणि २२ जानेवारी १९९० रोजी देश थक्क झाला. रो यांचा सत्ताधारी पक्ष, यंग-साम यांचा पक्ष आणि पार्क यांचे जुने सहकारी किम जोंग-पिल यांचा पक्ष, असे तिन्ही एक झाल्याची घोषणा झाली. सत्ताधाऱ्यांना बसल्या जागी दोन-तृतीयांशांहून अधिक बळ मिळाले. ज्या दोन-तृतीयांशांच्या हिशेबावरून तरुण किम बाहेर पडले, तो हिशेब म्हाताऱ्या किम यांनी स्वतः जमवून दिला! “वाघ धरायचा तर वाघाच्या गुहेत शिरले पाहिजे,” असे त्यांचे समर्थन होते. त्यांच्याच पक्षातला रो मू-ह्यून नावाचा तरुण वकील मात्र गुहेत शिरला नाही. तो मागे राहिला आणि बुसानमध्ये पुन्हा पुन्हा हरला.

मग वाघ सापडला का? १९९२ च्या निवडणुकीत ४२ टक्के मते घेऊन किम जिंकले. तीन दशकांत लोकांनी थेट निवडलेला हा पहिला बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष. आल्याबरोबर त्यांनी सैन्यातल्या ‘हानाहुए’ या गुप्त टोळीचे अधिकारी पदांवरून हटवले. ऑगस्ट १९९३ मध्ये खोट्या नावांची बँकखाती बंद केली. आणि १९९५ साली, ज्यांच्या पक्षात ते शिरले होते, त्याच चुन आणि रो ते-वू या दोघा माजी राष्ट्राध्यक्षांना अटक झाली. न्यायालयाने चुन यांना फाशी सुनावली. ती पुढे जन्मठेपेवर आली आणि १९९७ च्या डिसेंबरात दोघेही माफी मिळून सुटले.

शेवट मात्र गोड झाला नाही. १९९७ मध्ये त्यांचा मुलगा लाचलुचपतीच्या प्रकरणात गजाआड गेला. वर्ष सरता सरता तिजोरीतले परकीय चलन आटले आणि देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. २०१५ साली किम वारले. मागे राहिलेला तो वकील रो मू-ह्यून मधल्या काळात, २००३ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदावर बसला होता. म्हणजे गुहेत न शिरताही तिथवर पोचता येत होते. फक्त दहा वर्षे जास्त लागली आणि वाटेत बरेच पराभव सोसावे लागले.

किम यांनी वाघ धरला हे खरेच. परंतु त्यांच्यामागे गुहेपर्यंत आलेल्या आणि दाराशी थबकलेल्या माणसांना जे वाटले असेल, तेही या हिशेबात धरले पाहिजे. तो अपूर्णांक सोडून देता येत नाही.