दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात. तो किती दाबाने, आणि ते सुरक्षित असतं का?

पानशेत-वेल्ह्याकडचं एखादं घर असो की पुण्यातला फ्लॅट, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स किंवा 'बिनटाक्याचं' कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टर सांगतात, "पोटात गॅस भरावा लागेल." लगेच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. एवढं पोट फुगवून काही झालं तर?

गॅस कशासाठी?

पोटाची भिंत आणि आतडी एकमेकांना लागून असतात. गॅस भरला की भिंत तंबूसारखी वर उचलली जाते, कॅमेऱ्याला नीट दिसतं आणि हत्यारं फिरवायला जागा मिळते.

यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो पेट घेत नाही, रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. साध्या हवेतला नायट्रोजन मात्र रक्तात फारसा विरघळत नाही. हवेचा मोठा बुडबुडा रक्तवाहिनीत शिरला, तर तो हृदयापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतं.

दाब किती असतो?

मोठ्या माणसांत साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. ब्लड प्रेशरचे १२०/८० हे आकडेही याच मापात असतात. पानशेत धरणाच्या पाण्यात हात जेमतेम वीतभर खोल बुडवला, तर त्यावर पाण्याचा जेवढा दाब पडतो, जवळपास तेवढाच हा दाब.

मग काळजी कशाची?

हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या पोटातल्या मोठ्या शिरेत दाब याहूनही कमी असतो. त्यामुळे गॅसचा दाब वाढला की ही शीर दबते आणि हृदयाकडे रक्त कमी पोहोचतं. श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही घटतो. धडधाकट शरीर हे सोसतं आणि गॅस काढला की सगळं पूर्ववत होतं. हृदयाच्या किंवा दम्याच्या रुग्णाला ते जड जाऊ शकतं. दाब २० च्या वर बराच वेळ राहिला, तर अवयवांना इजा होऊ शकते.

म्हणूनच युरोपातल्या दुर्बीण-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००२ मध्ये सल्ला दिला: ठरावीक आकडा धरून बसू नका, ज्यात नीट दिसतं तो सर्वात कमी दाब ठेवा.

आकडा कोण सांभाळतं?

इन्सफ्लेटर नावाचं यंत्र. ते दाब सतत मोजतं आणि ठरवलेली मर्यादा गाठली की गॅस थांबवतं. जर्मनीतले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९६० च्या दशकात असं स्वयंचलित यंत्र आणलं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं.

हे यंत्र नसेल तर काय होतं, याचा धडा २०१४ मध्ये ओडिशात मिळाला. अंगुल जिल्ह्यातल्या एका नसबंदी शिबिरात ५६ महिलांच्या पोटात चक्क सायकलच्या पंपाने हवा भरल्याचं उघड झालं. त्या पंपाला ना दाबाचा काटा, ना हवा शुद्ध करण्याची सोय. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

तुम्ही काय विचाराल?

• गॅस कोणता आणि दाब मोजणारं यंत्र आहे का?
• भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील ना?
• हृदयविकार, दमा, आधीची ऑपरेशन्स किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका. गॅसमुळे श्वासपटलाला ताण बसतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. मात्र धाप लागणं, छातीत दुखणं, ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी दिसली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. घर गावात, घाटापलीकडे असेल, तर रात्री गाडीची सोय काय, हे डिस्चार्जच्या आधीच ठरवून ठेवा.